आबांचा बसलेला घसा

आबा शेळीला बी इचारायचं, "तुमचं काय म्हणणं हाय?"

थट्टा न्हाई, खरंच. सकाळी दावं सोडताना तिच्या म्होरं उकिडवं बसायचं, तिच्या तोंडाकडं बघायचं आन् म्हणायचं, "आज वढ्याला जायाचं का बांधाला? तुमचं काय म्हणणं?" शेळी जिकडं तोंड करंल तिकडं आबा तिच्या मागनं. वस्तीवरची मानसं हसायची. म्हणायची, रेल्वेनं म्हाताऱ्याचं डोकं खाल्लं.

आबा दौंडला रेल्वेत गँगमन व्हतं. सारी उमर रूळ ठोकण्यात गेली. रिटायर झालं आन् आमच्या वस्तीवर परत आलं. संगं एक पत्र्याची ट्रंक, एक खाकी कोट आन् दोन फडकी. एक लाल, एक हिरवं. कोट उन्हाळ्यात बी अंगावर. बायको कवाच गेल्याली, लेकरू न्हाई. घराच्या दाराला एक खिळा ठोकल्याला आन् त्या खिळ्याला फडकं. हिरवं असलं तर आत या, च्या घ्या. लाल असलं तर दारावरनं मागं फिरा.

एकदा सरपंच मतं मागाय आला, तर दाराला लाल फडकं. आत बघतोय तर वस्तीवरची पाच-सहा पोरं बाजेवर बसून बशीतनं च्या पितायत, आन् आबा खाली भुईवर. सरपंच म्हणला, "आबा, लाल हाय म्हणता आन् पोरं कशी आत?"

आबा म्हणलं, "लाल मोठ्यांसाठी हाय. पोरांची मिटिंग चाललीया."

सरपंच गेला हात हालवत. भाईर जाऊन म्हणला, "म्हातारं पोरं बिघडवाय लागलंय." आमच्या वस्तीतली मानसं बी त्येच म्हणायची. आबा पोरांकडनं रोजचा पेपर वाचून घ्यायचं, आन् वाचून झालं की इचारायचं, "तुमचं काय म्हणणं हाय?" पोरांना तुम्ही, बरं का! शेंबूड पुसता येईना त्याला तुम्ही. आन् मोठ्या बाप्यांना तू. कुणी बोललं तर म्हणायचं, "ज्याला कायतरी म्हणायचंय त्याला तुम्ही. ज्याला कायच म्हणायचं न्हाई त्याला तू."

मला कायम तूच.

त्याचं असं झालं. माझं मालक विहिरीच्या कामावर सुरुंग लावताना गेलं. आमची पोरगी वैशी तवा रांगत व्हती. मी कासुर्डीची, दुसरीपातुर शिकल्याली. दहावा झाला आन् बाप्ये मानसं बसली, हिला माहेरी धाडायची का हितंच ठिवायची म्हणून. मी दाराच्या आड. आबा तवा नोकरीत, रजा काढून आल्यालं. मधीच म्हणलं, "अरं, तिला इचारा की. तिचं काय म्हणणं हाय?" सगळी अशी गप झाली जसं काय खांबालाच इचारा म्हणलं. मी आतनं म्हणले, "माझं काय म्हणणं असणार?" आबांनी जरा वाट बघितली, मग म्हणलं, "बरं. बस मग तू."

मी हितंच राहिले. कांद्याच्या खुरपणीला गेले, उसाच्या लागणीला गेले, शेवंतीच्या तोडणीला गेले. हाताची कातडी गेली, परत आली. त्याचं काय सांगायचं, समद्याच बाया करत्यात. वैशी मोठी झाली. तिचा अर्धा दिस माझ्यापाशी आन् अर्धा आबांच्या बाजेवर.

आबा पोरांना एकच गोष्ट लई वेळा सांगायचं. दौंडच्या म्होरं कुठंतरी पावसानं रुळाखालची खडी व्हावून गेल्याली. गँगच्या कुणालाबी पत्ता न्हाई. एक शेळ्या राखणारी पोरगी, असंल दहा-बारा वर्षांची, तिनं बघितलं. गाडी येतीया आन् हातात काय न्हाई. डोक्यावर पावसासाठी घेतल्याली गोणपाटाची खोळ व्हती, ती काढली आन् जीव खाऊन हालवली. गाडी थांबली.

"डायवर खाली उतरला," आबा म्हणायचं. "त्यानं तिला इचारलं का, तुझं वय काय? तुझ्यापाशी लाल झेंडा हाय का? तुला रेल्वेनं ठिवलंय का? न्हाई इचारलं. आमच्यात नेम हाय. हातात काय हाय ते बघायचं न्हाई, कोण हालवतंय ते बघायचं न्हाई. जोरानं हालतंय, म्हंजी थांबायचं. थांबायचं आन् मग खाली उतरून बघायचं."

मग पोरांकडं बघून, "हां. आता तुमचं काय म्हणणं हाय?"

आमच्या गावाचं नाव न्हाई सांगत. मांडवगण फराट्यापास्नं दोन कोस, नदीच्या अंगाला, एवढं बास. वस्ती गावापास्नं लांब, मधी समदा ऊस. सातवीपातुर शाळा गावात, म्होरची मांडवगणला. सकाळची एसटी आमच्या फाट्यावरनं जायची, पर तिथं थांबा न्हवता. थांबा गावच्या चौकात. म्हंजी पोरींनी झुंजुमुंजू असताना उसातनं चालत चौकात जायाचं. उसात कुणाला बिबट्याचं भ्या, कुणाला मानसाचं. आन् उसातनं निघून चौकात आलं की तिथं टवाळ पोरं बसल्यालीच. आठवीत जाणाऱ्या पोरी आठ म्हयन्यात घरी बसायच्या. आन् घरी बसली की लगीन.

वैशीनं आठवी-नववी तशीच काढली. पंधरा वर्षांची झाली. त्या उन्हाळ्यात माझं थोरलं दीर, वैशी त्यांना आप्पा म्हणायची, घरी आलं आन् म्हणलं, "जूनपास्नं शाळा बंद. यवतच्या अंगाला एक स्थळ बघितलंय. पोरगं धाब्यावर हाय, निर्व्यसनी हाय." आप्पा काय वाईट मानूस न्हवतं. चौकातली पोरं काय बोलत्यात ते त्यांच्या कानावर आल्यालं. भाऊ गेल्याला, तवा पोरीला काय झालं तर लोकं त्यांनाच बोलणार. मी डोक्यावरचा पदर पुढं वढला आन् चुलीकडं बघत राहिले. थोरल्या दिराम्होरं मी कवा बोललेच न्हवते.

वैशी बोलली. "आप्पा, फाट्यावर गाडी थांबली तर?"

"गाडी काय तुझ्या बापाची हाय थांबाया?"

"पर थांबली तर?"

"थांबली तर बघू," म्हणलं आप्पा, आन् गेलं.

दुसऱ्या दिशी वैशी आन् तिच्या संगं चार पोरी फाट्यावर हुभ्या. आबांकडनं गोणपाट नेल्यालं. गाडी दिसली की पाची जणी गोणपाट हालवाय लागल्या. डायवरनं ब्रेक मारला, खाली उतरला, चाकाखाली बघितलं, रस्त्याला बघितलं. म्हणला, "काय झालं गं? काय पडलंय?"

वैशी म्हणली, "मामा, शाळा पडलीया."

डायवर हसला. भला मानूस. म्हणला, "पोरींनो, मला थांबवता येत न्हाई. डेपोत साहेबाला भेटा." ह्या पोरी डेपोत गेल्या. साहेब म्हणला, "तुमच्या गावचा ठराव आणा. ग्रामसभेत पास करून आणा, मग थांबा देतो."

वस्तीवर ही बोंब. अंड्यातनं भाईर आल्या न्हाईत आन् डेपोत जात्यात. कुणी म्हणलं, पोरीला जीभ फुटलीया, उद्या सासरी काय दिवे लावंल. आता ह्येच लोक बघा. जयंतीला वैशी भाषण करायची तर टाळ्या वाजवायचे, बिस्किटाचा पुडा द्यायचे, आमच्या वस्तीची वाघीण म्हणायचे. तीच वाघीण दुसऱ्या दिशी रस्त्याचं बोलली की, गप बस, मोठ्यात बोलू नगंस.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं आन् मग पंचायतीच्या वट्ट्यावर ग्रामसभा बसली. बाप्ये खुर्च्यांवर आन् सतरंजीवर, बाया लिंबाखाली लांब. मी पयल्यांदाच गेल्याली. आबा म्हणलं व्हतं, "तू ये. बोलू नगंस, पर ये."

सरपंचाकडं नवा मोबाईल आल्याला, त्यो त्यानं टेबलावर मधोमध ठिवल्याला, झेंड्यासारखा. भाऊसाहेबानं, म्हंजी ग्रामसेवकानं, मागच्या सभेचं वाचलं. आयत्या वेळचे इषय आलं तशी वैशी हुभी राहिली.

सरपंच म्हणला, "बोल बाळ, गाणं म्हणणार का?"

समदी हसली. वैशी म्हणली, "न्हाई. फाट्यावर थांब्याचा ठराव पायजे."

"वय काय गं तुझं?"

"पंधरा."

"मतदार यादीत नाव हाय का?"

"न्हाई."

"मग खाली बस. ही मतदारांची सभा हाय. तू शाळंत जा."

"शाळंतच जायचंय, म्हणून तर आले."

लोकं परत हसली, पर आता सरपंचाकडं बघून. त्याला राग आला. वैशी थांबली न्हाई. म्हणली, "इलेक्शनला तुमचं चिन्ह भिंतीवर मी काढलं. तवा मी तेरा वर्षांची व्हते. तवा न्हाई इचारलं वय."

आप्पांनी मागनं दात खाल्लं, "वैशे, बस खाली!" भाऊसाहेब म्हणला, "हे बघा, नियम म्हंजी नियम. मतदारांनीच बोलायचं. लहान मुलांचं मी लिहू शकत नाही."

वैशी बसली. मला वाटलं, संपलं आता.

तवा आबा उठलं. खाकी कोटाची बटणं लावली. वट्ट्याच्या मधी आलं, आन् खणखणीत आवाजात, नदीपल्याड ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, "माझा घसा बसलाय!"

मानसं माना वळवून बघाय लागली.

"डागदरनं बोलू नगं म्हणून सांगितलंय. माझं नाव यादीत हाय. माझं म्हणणं माझ्या मागं हुभी राहून ही सांगंल."

सरपंच म्हणला, "आबा, आत्ता तर बोलला की!"

"तेवढंच उरलं व्हतं," आबा म्हणलं, आन् त्वांड मिटलं. असं मिटलं की मिशा खाली आल्या. वैशीला हातानं खूण केली. ती मागं जाऊन हुभी राहिली, कोटाआड दिसंना सुदीक.

भाऊसाहेब सरपंचाकडं बघतोय, सरपंच भाऊसाहेबाकडं. नियमात घशाचं काय लिवल्यालं न्हवतं.

आन् मग आबांच्या पाठीमागनं पोरीचा आवाज आला.

"मी रोज पहाटं दप्तर घिऊन उसातनं चालत जातो."

लोकं खो खो हसली. म्हातारं सत्तरीचं, मिशा पांढऱ्या, त्वांड मिटल्यालं, आन् आवाज पोरीचा. आबा हसलं न्हाई. नुसती मान हालवली, बराबर हाय म्हणून.

"मला उसात भ्या वाटतं. मी हातात दगूड घिऊन चालतो. चौकात आलो की पोरं मला शिट्ट्या मारत्यात."

परत हसं, पर कमी.

"मला बघून गाणी म्हणत्यात. माझ्या वस्तीचं नाव घिऊन बोलत्यात. मागल्या म्हयन्यात एकानं माझी वेणी वढली. मी घरी सांगितलं न्हाई. सांगितलं तर शाळा बंद झाली असती."

आता कुणी हसंना. चौकात बसणाऱ्या पोरांचं बाप तिथंच बसल्यालं, त्यांनी खाली बघितलं. आबांनी मान हालवली. त्यांच्या डोळ्याला पाणी आल्यालं, पर त्वांड मिटल्यालंच.

"तरी शाळा बंद व्हायचीच हाय. जूनपास्नं. माझं लगीन ठरवाय लागलेत. मला धावी करायचीया. माझ्या मागं चार जणी हायत, त्यांना बी करायचीया. गाडी रोज तिथनंच जाती. तिनं फकस्त थांबायचं हाय. एवढंच माझं म्हणणं हाय."

झालं. आबांनी कोटाची बटणं सोडली.

मी लिंबाखाली बसल्याली. वेणीचं मला बी ठाव न्हवतं. रोज सकाळी त्या वेणीला रिबीन मीच बांधायची.

सरपंचानं घसा खाकरला. त्याचा बसला न्हवता. म्हणला, "ठीक हाय. आबा सूचक. पर ठरावाला अनुमोदक लागतो. कोण हाय अनुमोदक?"

कुणी उठंना. आमच्या वस्तीतलं बाप्ये आप्पांकडं बघत राहिलं, गावातलं सरपंचाकडं. आबा तिथंच हुभं. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. एकदा सुदीक न्हाई. तेच मला लागलं.

मी उठले. पदर डोक्यावर घट्ट केला आन् म्हणले, "मी हाय."

भाऊसाहेब म्हणला, "काय, बाई?"

"त्ये काय म्हणला तुम्ही. दुसरं मानूस पायजे. मी हाय."

"तुमचं नाव यादीत आहे?"

"दर टायमाला शाई लावताय की बोटाला."

"मग पूर्ण नाव सांगा."

आता हितं गाठ पडली. पूर्ण नाव म्हंजी मधी मालकाचं नाव. आमच्यात बाई मालकाचं नाव घेत न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं असंल तेवढंच, पुन्यांदा न्हाई. गेल्यावर तर न्हाईच. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात मी दुसऱ्यालाच सांगाय लावायची. मागनं एक बाई कुजबुजली, "घे की उखाणा," आन् दोघी-तिघी फिसफिसल्या. म्होरं थोरलं दीर बसल्यालं. वैशी माझ्याकडं बघत व्हती, तिला वाटलं आपण सांगावं, तिनं त्वांड उघाडलं. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठिवला. गप म्हणून.

मी सांगितलं. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. उखाणा न्हाई, काय न्हाई. सरळ. त्यांचं नाव इतक्या वर्सांनी माझ्या तोंडातनं भाईर पडलं ते पंचायतीच्या वट्ट्यावर, आन् भाऊसाहेबानं ते लिवलं.

मी खाली बसाय लागले तर आबा बोललं, "थांबा बाई. तुमचं काय म्हणणं हाय ते बी सांगा."

तुम्ही म्हणलं.

सरपंच म्हणला, "आबा, घसा?"

"बसला पुन्यांदा," म्हणलं आन् त्वांड मिटलं.

मी म्हणले, "माझं म्हणणं असं हाय, की माझी पोरगी शाळंत जाणार. गाडीनं जाणार. गाडी न्हाई थांबली तर मी रोज तिच्या संगं उसातनं येणार आन् चौकात हुभी राहणार. मग ज्याला वेणी वढायचीया त्यानं माझी वढावी."

हात वर करा म्हणलं. आधी लिंबाखालनं हात आलं, बायांचं. मग एक-एक करून बाप्ये. आप्पांचा हात सगळ्यात शेवटी. तो बी डोकं खाजवल्यागत, अर्धाच. भाऊसाहेबानं तो पुरा धरला.

घरी जाताना आप्पा माझ्या म्होरनं चालत व्हतं. उसापाशी आल्यावर, मागं न बघता म्हणलं, "धाब्यावाल्याला न्हाई म्हणून सांगतो." लई वर्सांनी भावाचं नाव ऐकलं म्हणलं, आन् चालाय लागलं.

जूनला फाट्यावर खांब आला, पाटी आली. पयल्या दिशी आबा कोट घालून हजर. गाडी थांबली, पोरी चढल्या, तसं आबांनी हिरवं फडकं काढून हालवलं. कंडक्टर घंटी मारायच्या आधी. त्यो म्हणला, "म्हातारबा, ही एसटी हाय, रेल्वे न्हाई." आबा म्हणलं, "मग तुमचं काय म्हणणं हाय? जाऊ नगा?" पुढं पाऊस असू दे, ताप असू दे, पोरींची गाडी हिरव्या फडक्याबिगार सुटली न्हाई. डायवर सुदीक वाट बघायचा.

वैशी बारावी झाली. रांजणगावला कंपनीत लागली, लगीन तिनं तिच्या टायमाला केलं. पयल्यांदा बोटाला शाई लावून आली तवा आधी आबांकडं गेली. आबा अंथरुणाला खिळल्यालं. त्यांनी तिचं बोट धरून बघितलं आन् म्हणलं, "आता मला घसा बसवाय नगं."

त्याच वर्साला गेलं. दाराच्या खिळ्याला पोरांनी आपनहून हिरवं फडकं लावलं.

मला वाटलं, संपलं. पर पुढच्याच ग्रामसभेच्या आदल्या दिशी वस्तीवरची एक पोरगी माझ्या दारात. चौदा वर्षांची. म्हणली, "मावशी, शाळंच्या संडासाला दार न्हाई. पोरी दिसभर पाणी पीत न्हाईत. सभेत बोलायचंय, पर माझं नाव यादीत न्हाई."

मी म्हणले, "तुमचं म्हणणं पाठ हाय का?"

"व्हय."

"मग चला."

भाऊसाहेब बदलून नवा आल्याला, शहरातला. मी वट्ट्यावर गेले, पदर खोचला आन् म्हणले, "माझा घसा बसलाय." गावातली जुनी मानसं खाली बघून हसाय लागली. पोरगी माझ्या मागं हुभी राहिली. म्हणली, "मी आठवीत हाय."

नवा भाऊसाहेब गडबडला. पेन तसंच धरून म्हणला, "मावशी, हे नेमकं कोण बोलतंय?"

सरपंच त्योच, जुना. त्यानंच सांगितलं, "लिवा भाऊसाहेब. मावशीच बोलतीया."

मी काय बोलले न्हाई. त्वांड मिटून, मान ताठ करून हुभी राहिले, आन् माझ्या मागनं माझा आवाज येत राहिला.